तेवढेच मार्क, दोन शेरे

निकाल लागले की दरवर्षी तेच भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते मुलींनी परत बाजी मारली, दुसरी म्हणते हो पण घोकून मारली, खरी बुद्धी गणितात दिसते आणि तिथे अगदी वर कोण आहेत ते बघा. मग कोणीतरी मेंदूचा फोटो आणतं, कोणीतरी मुलगे मागे पडतायत म्हणून गळा काढतं, आणि दोन दिवसांनी सगळे आपापल्या मतावर होते तिथेच असतात. मला या वादाचा राग येतो कारण त्यात खरी पोरं कुठेच नसतात. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकते. मुलगे आणि मुली यांच्या मार्कांत फरक आहे, तो खराच आहे, पण त्यातून कोण जास्त हुशार हे कळत नाही. शाळा काय मोजते, कोणाकडून काय अपेक्षा ठेवते आणि मिळालेल्या मार्कांचा अर्थ कसा लावते, हे मात्र चांगलं कळतं. आणि मुलींचं गणित आणि मुलग्यांचं वाचन या दोन वेगळ्या गळत्या आहेत, एक बुजवली की दुसरी वाढते असं काही नाही.

मी बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या. पालकांना द्यायचे शेरे आधी एका वहीत लिहून काढायची सवय होती, ती वही परवा सापडली. एकाच बॅचमधले दोघं, गणितात दोघांनाही पन्नासपैकी एकतीस. मुलग्यापुढे मी लिहिलंय, ‘डोकं चांगलं आहे, मनावर घेत नाही.’ मुलीपुढे लिहिलंय, ‘मेहनती आहे, अजून सराव हवा.’ मार्क तेवढेच, चुकाही साधारण त्याच, दोघांचीही अपूर्णांकांची बोंब. पण मुलग्याचं काय कमी पडलं तर मन, आणि मुलीचं काय कमी पडलं तर सराव, म्हणजे पर्यायाने डोकंच की. हे मी लिहिलं, एका बाईने, जिला स्वतःला लहानपणी हेच ऐकून वाईट वाटलं होतं. पुढची पानं उलटली तर बहुतेक शेरे याच दोन साच्यांतले निघाले. या वादात नेमकं काय चुकतंय ते मला त्या वहीने जेवढं दाखवलं तेवढं कुठल्या आलेखाने दाखवलं नव्हतं.

आता आकड्यांकडे येऊ. डॅनियल व्होयर आणि सुझन व्होयर या दोघा कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक मोठं काम छापलं. १९१४ पासून २०११ पर्यंतचे, म्हणजे जवळपास शंभर वर्षांचे शाळेतल्या मार्कांचे अभ्यास त्यांनी एकत्र केले, विद्यार्थी दहा लाखांच्या वर, देश तीसच्या आसपास (अर्थात बराचसा डेटा अमेरिकेचा). शिक्षकांनी दिलेल्या मार्कांत मुली सगळ्याच विषयांत पुढे निघाल्या, भाषेत सगळ्यात जास्त, गणितात अगदी थोड्या, पण पुढेच. आणि हे अंतर इतक्या दशकांत फारसं बदललेलंच नाही. हे नीट वाचायला हवं, कारण दोन्ही बाजूंच्या लाडक्या गोष्टी इथे पडतात. मुलगे हल्ली मागे पडायला लागले, शाळा हल्ली मुलींसाठी झाल्या, हे खरं असतं तर अंतर गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाढलेलं दिसलं असतं. ते तर पणजोबांच्या शाळेतही होतं. आणि मुलींनी आत्ता कुठे बरोबरी गाठली असं म्हणणाऱ्यांनाही हे अडचणीचंच आहे, कारण वर्गात त्या कधी मागे नव्हत्याच. मग शंभर वर्षं वर्गात पुढे असलेल्यांना त्याचा उपयोग काय झाला? कोणी विचारलंच नाही, कारण मुलीच्या मार्कांना पुरावा मानायची पद्धतच नव्हती.

पद्धत काय होती ते इतिहासात बघा. १८७३ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाच्या बॉस्टनच्या डॉक्टरने, जो आधी हार्वर्डमध्ये प्रोफेसर होता, पुस्तक लिहून सांगितलं की मुलींनी मुलग्यांसारखा अभ्यास केला तर शरीराची ताकद मेंदूकडे जाते आणि प्रजननाची इंद्रियं नीट वाढत नाहीत. म्हणजे तेव्हा मुद्दा ‘जमत नाही’ असा नव्हता, ‘झेपणार नाही’ असा होता. १८९० साली केंब्रिजमध्ये फिलिपा फॉसेट गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्याही वर आली. त्या पहिल्या नंबराला सीनियर रँग्लर म्हणायचे आणि त्याचा केवढा मान असायचा, पण बायकांची नावं वेगळ्या यादीत वाचायचे, म्हणून हिच्या नावापुढे नुसतं ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढंच वाचलं गेलं. पदवी नाही. केंब्रिजमध्ये बायकांना पूर्ण पदवी मिळायला लागली १९४८ मध्ये आणि त्याच वर्षी ती वारली. पुढे इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी जी परीक्षा घेऊन निवडक पोरांना ग्रामर स्कूलला, म्हणजे हुशारांच्या सरकारी शाळेत, पाठवायचे, तिच्यात मुलींना सरासरी जास्त मार्क पडायचे, तर अनेक ठिकाणी मुलींसाठी कटऑफच वर ठेवला, कारण काय तर मुली लवकर मोठ्या होतात, मुलगे नंतर गाठतीलच. बर्मिंगहॅममध्ये मुलींच्या ग्रामर स्कूलच्या जागाच कमी होत्या, ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८९ मध्ये तो भेदभाव ठरला. आणि हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी २०१८. टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीने प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क गुपचूप कमी केल्याचं उघड झालं, चौकशीत निघालं की हे २००६ पासून चालू होतं. ते थांबवल्यावर पुढच्याच वर्षी तिथे पास होण्याचं बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. दीडशे वर्षांत कारण दर वेळी नवीन, आधी प्रकृती, मग वय, मग टोकियोत ‘पुढे नोकरी सोडतील’. मुलगी पुढे गेली की मोजपट्टीच बदलायची, हे कुठल्याही टप्प्यावर थांबलेलं दिसत नाही.

आता समोरच्या बाजूचे जे मुद्दे खरंच दमदार आहेत ते टाळणं बरोबर नाही. पहिला हा की शाळेचे मार्क वेगळे आणि बाहेरची टेस्ट वेगळी. ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना पंधरा वर्षांच्या पोरांची पिसा नावाची टेस्ट घेते, तिच्यात २०२२ मध्ये ओईसीडी देशांच्या सरासरीत गणितात मुलगे ९ गुणांनी पुढे होते. (वाचनात मुली २४ गुणांनी पुढे होत्या, ते सांगायचं नेहमी राहून जातं.) दुसरा, अगदी टोकाला मुलगे जास्त असतात. १९८० च्या सुमाराला कॅमिला बेनबो आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी अमेरिकेतल्या हुशार सातवीच्या पोरांना, तेरा वर्षं पूर्ण व्हायच्या आतल्या, कॉलेज प्रवेशाची सॅट दिली, तर गणितात ७०० च्या वर एका मुलीमागे तेरा मुलगे निघाले. तेरा! हा आकडा वर्षानुवर्षं मेंदूचा पुरावा म्हणून फिरत राहिला. हे आकडे कोणी बनवलेले नाहीत, मान्य.

पण पुढचं कोणी सांगत नाही. तीच टेस्ट, तेच वय, आणि नव्वदच्या दशकात ते प्रमाण साधारण चारास एक झालं. दहा-पंधरा वर्षांत कुठल्या जातीच्या प्राण्याचा मेंदू बदलतो? बदलले ते गणिताचे वर्ग, कोणाला त्यात बसवायचं ते, घरात कोणाला कोडी आणून द्यायची ते. आणि हेही खरं की चारावर आल्यावर ते तिथेच रेंगाळलं, म्हणून मी असं छातीठोक म्हणणार नाही की उरलेलं सगळंच वाढवण्यातून येतं. मी एवढंच म्हणते की जो आकडा ‘निसर्ग’ म्हणून दाखवला त्यातला मोठा भाग आपल्या डोळ्यांदेखत विरघळला, तर उरलेल्याला निसर्ग म्हणायची घाई कशाला? शिवाय टोकावरची मूठभर पोरं काय करतात त्यावरून वर्गातल्या बाकीच्यांबद्दल काय कळतं? जॅनेट हाइड ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या दहा राज्यांचे शाळेच्या टेस्टचे निकाल तपासले, दुसरीपासून अकरावीपर्यंत, सत्तर लाखांच्या वर पोरं, आणि सरासरीत फरक जवळजवळ शून्य. तिनेच १९९० मध्ये जुने अभ्यास एकत्र केले होते तेव्हा हायस्कूलच्या अवघड गणितांत मुलगे पुढे दिसले होते. मधल्या काळात तिथल्या मुली हायस्कूलमध्ये वरचं गणित मुलग्यांएवढंच घ्यायला लागल्या होत्या. ज्याने विषय घेतलाच नाही त्याला तो येत नाही, यात मेंदूचं संशोधन कुठे लागतं?

तिसरा मुद्दा सगळ्यात पेचाचा आहे. काही लोक म्हणतात, स्त्री-पुरुष समानता वाढली की गणितातलं अंतर मिटतं, आणि त्यांच्याकडे २००८ चा एक अभ्यास आहे, २००३ च्या पिसावरचा, त्यात तुर्कस्तानात मुलगे तेवीसेक गुणांनी पुढे आणि आइसलंडमध्ये मुलीच पंधराएक गुणांनी पुढे. ऐकायला छान वाटतं. पण मग ओमान, जॉर्डन, बहरीन बघा, २०१५ च्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय टेस्टमध्ये तिथे आठवीच्या गणितात मुली पुढे होत्या आणि हे देश समानतेच्या यादीत वर नाहीत. त्याउलट समानता जास्त असलेल्या बऱ्याच देशांत इंजिनिअरिंग-कम्प्युटरला मुली कमीच जातात. त्यावरून २०१८ मध्ये एक पेपर गाजला की मोकळीक दिली की मुली आपोआप या विषयांपासून लांब जातात, म्हणजे ही त्यांची मुळातली आवड. त्या पेपरला नंतर दुरुस्ती छापावी लागली, तरी मूळ निरीक्षणात काही नाहीच असं मी म्हणत नाही. आपल्या बाजूचे लोकही इथे सोपी गोष्ट सांगून मोकळे होतात, ते मला आवडत नाही. फक्त त्याचा अर्थ ‘आवड’ एवढाच निघतो का? थॉमस ब्रेडा आणि क्लोटिल्ड नॅप यांनी २०१२ च्या पिसातली तीन लाख पोरं घेऊन दाखवलं की जी मुलगी गणितात एखाद्या मुलग्याएवढी चांगली असते ती वाचनात सहसा त्याच्याहून बरीच चांगली असते. म्हणजे तिच्यासमोर दोन दारं उघडी असतात आणि त्याच्यासमोर एकच. ती दुसऱ्या दारातून गेली तर तिला गणित झेपलं नाही असं कसं म्हणता? आणि आवड जर जन्मजात असेल तर अमेरिकेत कम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत १९८४ च्या आसपास सदतीस टक्के असलेल्या मुली २०१० पर्यंत वीसच्याही खाली कशा आल्या? तेवढ्या वर्षांत मुलींची जन्मजात आवड बदलली म्हणायची का?

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते फ्रान्सच्या आकड्यांनी. तिथे पहिलीत आल्या आल्या सगळ्या पोरांची भाषा-गणिताची चाचणी होते, चार महिन्यांनी परत, दुसरीच्या सुरुवातीला परत. २०१८ पासूनच्या चार तुकड्यांची, पंचवीस लाखांहून जास्त पोरांची ही माहिती २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आली. शाळेच्या दारात गणितात मुलगे-मुली जवळपास सारखेच. चार महिन्यांत मुलगे पुढे. वर्षभरात आणखी पुढे. आणि हे अंतर वयाप्रमाणे नाही, शाळेत घालवलेल्या दिवसांप्रमाणे वाढत गेलं. चार महिने म्हणजे काय हो, पहिलीच्या पोराचा एक पुढचा दात पडून नवा अर्धा वर येतो तेवढा वेळ. तेवढ्यात काय शिकवलं जातं? बेरीज तर दोघांनाही शिकवतात. अमेरिकेत २०१७ मध्ये लहान मुलांवर एक अभ्यास आला, लिन बियान आणि सहकाऱ्यांचा. पाच वर्षांच्या मुलींना ‘खूप खूप हुशार’ माणूस ओळखायला सांगितलं तर त्या मुलग्यांइतक्याच आपल्यातलं कोणीतरी दाखवतात, सहा-सातव्या वर्षी ते कमी होतं. आणि यातली जीवाला लागणारी गोष्ट ही की त्याच मुलींना शाळेत चांगले मार्क कोणाला पडतात ते विचारलं तर त्या मुलींकडेच बोट दाखवतात. म्हणजे सहाव्या वर्षीच तिला कळलेलं असतं की मार्क माझे आणि हुशारी त्यांची. माझ्या वहीतले शेरे, फक्त ते आता तिने स्वतःच स्वतःला लिहिलेले.

माझ्याकडे एक चौथीतली मुलगी यायची. गुणाकार करताना तिने एकदा ९८ गुणिले ६ हे शंभर सक सहाशे, वजा बारा, असं कोपऱ्यात केलं, तिला कोणीही न शिकवलेलं, इतकं सुंदर. मग माझ्याकडे बघितलं, खोडरबर घेतलं, घासून घासून पुसलं आणि खाली हातचा घेऊन मांडून केलं. का पुसलंस विचारलं तर म्हणाली, बाई असं शिकवलेलं नाहीये. मांडणी नीटनेटकी, पैकीच्या पैकी मार्क, आणि जे खरं गणित होतं ते खोडरबराच्या चुऱ्यात गेलं. मुलींना पद्धत पाळल्याबद्दल शाबासकी देत राहायचं आणि पुढे त्यांना म्हणायचं की तुम्ही नुसत्या पद्धती पाळता, वेगळा विचार करत नाही. हा अन्याय शाळा करते, त्यात बायका शिक्षिकाही आल्या, मीही आले.

आता मुलग्यांचं. इथे मला कुठलाही ‘पण’ लावायचा नाहीये. २०१८ च्या पिसात वाचनात मुलगे ३० गुणांनी मागे होते, आणि पिसा सुरू झाल्यापासून मुलगे जवळपास सगळीकडेच वाचनात मागे आहेत. युनेस्कोने २०२२ मध्ये मुलगे शाळेपासून तुटतायत यावर वेगळा अहवाल काढला. मार्क देताना मुलग्यांना डावललं जातं ही तक्रारही खोटी नाही, इस्रायलमध्ये व्हिक्टर लावीने शालान्त परीक्षेतले शाळेने दिलेले मार्क आणि नाव न दिसता बाहेर तपासलेले मार्क समोरासमोर ठेवले तर शाळेच्या मार्कांत मुलग्यांवर अन्याय होतो असं निघालं, सगळ्याच विषयांत. मुलींची बाजू घेणाऱ्यांनी हे मान्य करायला का कां-कू करावं? चुळबुळ करणारा, घाणेरड्या अक्षराचा मुलगा चार मार्क कमी खातो हे प्रत्येक शिक्षकाला मनातून माहीत आहे. राग येतो तो एवढ्यासाठी की मुलग्याच्या वाचनाकडे कोणी लक्षच देत नाही, मुलगेच ते, नंतर गाठतील म्हणतात. मोठ्या माणसांच्या टेस्टमध्ये वाचनातलं अंतर बरंचसं मिटलेलं दिसतं हे खरंय, म्हणजे ‘वाचन मुलग्यांच्या रक्तातच नाही’ हे धादांत चूक. पण मधल्या दहा वर्षांत पुस्तकाची भीती घेऊन जे शाळाच सोडून गेले त्यांचं काय?

आणि हे मुलींच्या पुढे जाण्याने झालं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, कसं? अंतर म्हणजे वजाबाकी, ती कोणाचंही नुकसान न होता वाढू शकते. फिनलंडमध्ये २०१८ ला वाचनात मुली पन्नासहून जास्त गुणांनी पुढे होत्या, प्रचंड अंतर, गणितातही सहा गुणांनी पुढे. तरी तिथले मुलगे ओईसीडीच्या सरासरी मुलग्यापेक्षा चांगलं वाचत होते. मुलीने वाचलेलं पुस्तक मुलग्याच्या हातातून ओढून घेतलेलं नसतं. उपायही एकमेकांच्या आड येत नाहीत. पेपर तपासताना नाव झाकलं तर त्या इस्रायलमधल्या मुलग्याचंही भलं होतं आणि टोकियोतल्या मुलीचंही. पहिलीच्या त्या चार महिन्यांत गणिताच्या तासाला कोणाला फळ्याकडे बोलावलं जातं, चुकल्यावर कोणाला ‘परत कर, येईल’ म्हटलं जातं आणि कोणाला ‘राहू दे’, हे बाईंनी आठवडाभर नुसतं वहीत रेघा मारून मोजलं तरी बरंच कळेल, त्याला ना पैसा लागतो ना नवा अभ्यासक्रम. आणि मुलग्यांना वाचून दाखवणारा एखादा पुरुष घरात-शाळेत दिसायला हवा, कारण रोज वाचणारी फक्त आई नाहीतर बाई दिसत असेल तर त्या वयाचं पोर आपल्यापुरता निष्कर्ष काढून मोकळं होतं.

एकतीस मार्कांच्या त्या दोघांच्याच बॅचमध्ये एक सातवीतला मुलगा होता, घरचे म्हणायचे गणित कच्चं आहे, मीही वहीत तेच लिहिलेलं. नुसत्या आकड्यांची उदाहरणं तो भराभर करायचा, शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल चावत बसायचा. एक दिवस मी त्याला म्हटलं मोठ्याने वाच. तो तिसऱ्या शब्दाला अडकला, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडकला, कान लाल झाले. दोन नळ, एक टाकी, एक नळ चार तासांत भरतो, दुसरा सहा, असलं नेहमीचंच उदाहरण. मी पुस्तक माझ्याकडे घेतलं आणि वाचून दाखवलं. वाचून संपायच्या आत तो म्हणाला, अडीच तासाच्या थोडं आत. मी वही पुढे ओढली आणि त्याच्या नावापुढचा शेरा खोडला.